मुंगीचा घास कुणी खाल्ला

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. तेव्हाच हे सगळं सुरू झालं.

आईने चिलाकिलेस केलं होतं. ही लांबच्या मेक्सिको देशातली न्याहारी. कालची मक्याची भाकरी घ्यायची. तिचे तुकडे तळायचे, चर्र चर्र. मग लाल लाल टोमॅटोत घोळायचे.

आई छोट्या रेवूला भरवत होती. हा घास चिऊचा. हा घास काऊचा. हा घास मुंगीचा.

भिंतीवर होती ठुमी मुंगी. तिने ऐकलं. आली खाली तुरुतुरु तुरुतुरु.

तोवर रेवूने घास खाल्ला. गट्टम.

ठुमी म्हणाली, "आई, आई, माझा घास दे."

आई आधीच वैतागलेली. ताटली रिकामी, केसांत टोमॅटो. म्हणाली, "संपलं गं बाई. कढई तापली तर देते."

ठुमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"कढई, कढई, तू ताप. आई घास देईना."
कढई म्हणाली, "रिकामी तापू? बूड जळेल माझं. टोमॅटो आला तर तापते."

ठुमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"टोमॅटो, टोमॅटो, तू शीज. कढई तापेना, आई घास देईना."
टोमॅटो म्हणाला, "एकटाच शिजू? तुकडे येणार असतील तर शिजतो."

ठुमी गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"तुकड्यांनो, तुकड्यांनो, उतरा ना. टोमॅटो शिजेना, कढई तापेना, आई घास देईना."
तुकडे डब्यात कुरकुरले, "आम्ही तळाला चिकटलो तर? उलथनं हललं तर उतरतो."

काय बाई वैताग. ठुमीचे सहाही पाय दुखले. तरी गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"उलथन्या, उलथन्या, हल ना. तुकडे उतरेनात, टोमॅटो शिजेना, कढई तापेना, आई घास देईना."
उलथनं म्हणालं, "मी तर रेवूच्या मुठीत. मूठ उघडली तर हलतो."

ठुमी रेवूकडे गेली. आता तुरु... तुरु...
"रेवू, रेवू, मूठ उघड. उलथनं हलेना, तुकडे उतरेनात, टोमॅटो शिजेना, कढई तापेना, आई घास देईना."

रेवूने उलथनं आपटलं. टण. टण. टण.
"चिऊचा घास. काऊचा घास. मुंगीचा घास. माझा कुठाय?"

सकाळपासून ठुमी हेच तर विचारत होती.

रेवूच्या लाळेऱ्यावर एक कण होता. इवलासा, लाल. ठुमीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण तिने तो उचलला. रेवूच्या बोटावर ठेवला.

"हा घास रेवूचा."

रेवू खुदकन हसली. मूठ उघडली.

मग उलथनं हललं, खुळुक.
तुकडे उतरले, धपाधप.
टोमॅटो शिजला, रटरट.
कढई तापली, चर्र.
आणि आईने पहिला घास खाली भिंतीजवळ ठेवला.

"हा घास मुंगीचा."

ठुमीने खाल्ला. कुडुम कुडुम कुडुम. रेवूने नुसतं पाहिलं.

आता तुमच्या घरी भरवताना मुंगीचा घास म्हणालात, तर कणभर मुंगीला ठेवा. आणि एक घास बाळाच्या नावाचा म्हणा. शेजारच्या आईलाही एवढं सांगा बरं.