दगडाऐवजी पीस

नदीवर झुकलेल्या बाभळीच्या राज्यात घरटी देखणी असत आणि अधूनमधून पाण्यात पडत. पडली की प्रधान पोपट शोकसभा घेत. त्या फार सुरेख होत.

एका वर्षी फारच अंडी बुडाली, तेव्हा प्रधानांनी फर्मान काढलं: यापुढे अंडी घालण्याआधी प्रत्येक घरट्याची चाचणी होईल. काम साळुंकीकडे आलं. ती घरट्याला दगड बांधून झोका देई.

पहिलंच घरटं तंतुकाचं, राज्यातल्या सर्वांत नामांकित सुगरण पक्ष्याचं. झोका बसताच घरटं फांदीला टांगणारा वरचा दांडा उसवला.

"तुमची चाचणीच चुकलीय!" तंतुक फणकारला.

साळुंकीने नीट पाहिलं. खरंच, दगड एका बाजूला बांधला गेला होता. तिने चूक मान्य केली. तंतुकाने दांडा सांधला, तिने दगड मधोमध बांधला. दांडा पुन्हा उसवला.

"आता मात्र दांड्याची गाठच सैल आहे," ती म्हणाली. "सोडून नव्याने घालावी लागेल."

"उत्सव तोंडावर आलाय," प्रधान म्हणाले. "गाठी कसल्या सोडता, साळुंकीबाई? दगड बदला."

दगडाचा खडा झाला, खड्याचं बी झालं. शेवटी पीस बांधायचं ठरलं. साळुंकीने नकार दिला, म्हणून तिचा सत्कार करून तिला शेंगा राखायला पाठवलं. त्यानंतर सगळं झाड एकाच सकाळी उत्तीर्ण झालं.

उत्सवात प्रधानांनी जाहीर केलं, की राज्यात एकही कच्चं घरटं उरलेलं नाही. पंखांच्या टाळ्यांनी दोन घरटी हेलकावली. ते शुभ मानलं गेलं.

मग साधासाच वारा आला आणि निम्मं झाड रिकामं करून गेला. तंतुकाची जोडीदारीण शलाका हिची अंडी त्यातच गेली. "वाऱ्याने नियम पाळले नाहीत," असं प्रधान शोकसभेत म्हणाले.

शलाका सभेला थांबली नाही. ती थेट शेंगांकडे गेली आणि साळुंकीला घेऊन आली.

तंतुक नवं घरटं विणत होता. जेमतेम दांडा झाला होता, तोच शलाका दांड्याला उलटी लटकली. साळुंकीने तिच्या शेजारी पकड घेतली आणि दोघी जीव खाऊन झोके घेऊ लागल्या. तंतुक चोचीत गवत धरून गाठीकडे बघत राहिला.

वरच्या फांदीवरून प्रधान किंचाळले, "अहो, हळू! मोडेल ना ते!"