अनसूयाबाईंचा फोटो

आमच्या गल्लीत 'चूल ॲन्ड चीज' नावाचं झकपक हॉटेल उघडलं आणि तात्या खराड्यांचं उरलंसुरलं जेवण कडू झालं. त्याच जागी पूर्वी त्यांच्या बायकोची, अनसूयेची, खाणावळ होती. एका दुपारी ती तिथंच जेवली, हात धुऊन भिंतीला टेकली, ती पुन्हा उठलीच नाही. तिचा एकुलता एक फोटो भिंतीवरच राहिला. नव्या मालकानं, विहंगशेठनं, त्याला सोनेरी चौकट केली आणि खाली लिहिलं, 'आमची लाडकी आजी'. आता शेठची खरी आजी कधी चुलीजवळ फिरकली होती, ते शेठलाच ठाऊक.

तात्यांनी फोटो मागितला, तर शेठ म्हणाला, "काका, ती आमची सजावट आहे. गिऱ्हाईक म्हणून या, काहीतरी मागवा, हवा तेवढा बघा."

रविवारी हॉटेल गच्च भरल्यावर तात्या आले. त्यांनी पिठल्याचा पास्ता मागवला. पिशवीतून हार काढून फोटोला घातला, उदबत्ती लावली, ताट फोटोपुढे ठेवून भोवती पाणी फिरवलं. लोकांचे घास हातातच राहिले.

शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "आजोबा, कोण या?"

"माझी बायको."

"कशानं गेल्या हो?"

"काय सांगू बाई. इथंच जेवली, हात धुतला आणि गेली."

खुर्च्या भराभर सरकल्या. शेठ स्वतः स्टुलावर चढला, फोटो काढून तात्यांच्या हातात देत म्हणाला, "न्या काका, हात जोडतो."

घरी फोटोसमोर बसून तात्यांनी बांधून आणलेला पास्ता चाखला.

"मीठ कमी आहे गं," ते म्हणाले.

पूर्वी एवढं म्हटलं की आतून लाटणं आपटायचं. तात्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ताट बाजूला सारलं.