भिंगरी आत्याचं कुय्य

ऐका हं, कान टवकारून ऐका.

चिंचेच्या झाडावर एक खार राहायची. एवढीशी. शेपटी मात्र केवढी थोरली! तिचं नाव भिंगरी.

भिंगरीला सगळं यायचं. उड्या मारता यायच्या. चिंचा फोडता यायच्या. उलटं लटकता यायचं. एकच यायचं नाही. र!

र म्हणायला जावं, तर तोंडातून निघायचा य.

"तुझं नाव काय गं?"

"भिंगयी!"

"काय खाल्लंस?"

"बोय!"

की सगळे हसायचे. खो खो खो! दादा तर मुद्दाम विचारायचा. "भिंगरे, सुटतो तो काय गं? गारगार?"

"वाया! गायगाय वाया!"

खो खो खो!

एक दिवस दादाला बाळ झालं. गुलाबी, इवलंसं बाळ. बाळ झालं आणि भिंगरी झाली आत्या!

मग ठरलं बाळाचं बारसं. बारशाला काय असतं? पाळणा असतो. घुगऱ्या असतात. आणि आत्या असते. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आत्या म्हणते, "कुर्रर्र!" मग सगळे आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. धप धप धप! आत्याच्या पाठीला तेवढाच मान.

भिंगरीनं शेपटी विंचरली. पुन्हा विंचरली. पाठ ताठ केली आणि म्हणाली, "मी आत्या! मी म्हणणाय, कुय्यय्य!"

वहिनीनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई! कुय्य कसलं? पाहुणे हसतील. तू राहू दे. साळुंकी म्हणेल कुर्र."

"पण ती कुठे आत्या आहे?"

"आत्या नसेना. तिला र तर येतो!"

झालं! भिंगरीचं कुर्र गेलं. नाव सांगणं गेलं. धपाटेसुद्धा गेले. भिंगरीला फार फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते शेपटीनं पुसलं.

"थांबा हं," ती म्हणाली. "मी य घेऊन येते."

"य नको गं. र आण, र!" दादा ओरडला.

"तेच म्हणते मी. य!"

आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

र सगळ्यांत छान कुणाला येतो? पोपटाला! पोपट फांदीवर बसला होता. र घोळवत होता. "मिर्रर्रची! हिर्रर्रवी मिर्रर्रची!"

भिंगरी म्हणाली,

"पोपटदादा, पोपटदादा, मला य शिकव ना!
य येईना,
आणि आत्या असून मला कुय्य म्हणता येईना!"

पोपट म्हणाला, "य नाही गं. र!"

"तेच ते."

पोपटानं डोळे गरगर फिरवले. "शिकवतो. पण उपाशीपोटी शिकवत नाही मी. आधी पेरू आण, पेरू."

निघाली भिंगरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

पेरूचं झाड उभं होतं. पानं मलूल. पेरू सगळे हिरवे आणि टणक. भिंगरी म्हणाली,

"पेयूकाका, पेयूकाका, एक पेयू द्या ना!
पेयूवाचून पोपट शिकवेना,
य येईना,
आणि आत्या असून मला कुय्य म्हणता येईना!"

झाड हसलं. सळसळ सळसळ!

"पेयू? पेयू नाहीत बुवा माझ्याकडे. पेरू आहेत."

"तेच द्या."

"पण पिकले कुठेत? मुळाशी थेंब नाही. आधी पाणी आण, पाणी."

निघाली भिंगरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

विहिरीवर रहाट होता. रहाट म्हणजे विहिरीतलं पाणी वर आणणारं मोठ्ठं चाक. आज मात्र रहाट गप्प उभा. भिंगरी म्हणाली,

"यहाटमामा, यहाटमामा, पाणी द्या ना!
पाण्यावाचून झाड पेयू देईना,
पेयूवाचून पोपट शिकवेना,
य येईना,
आणि आत्या असून मला कुय्य म्हणता येईना!"

रहाट चिडला. चिडकाच होता तो. "कोण यहाट? कुठला यहाट? माझ्या सात पिढ्यांत कुणी यहाट नव्हता!"

"यागावू नका ना, मामा."

"रागावू नका म्हण!"

"तेच म्हटलं."

"हं! पाणी देईन. पण फिरलो की माझे सांधे दुखतात. कर्र करतात, कच्च करतात. आधी तेल आण, तेल."

निघाली भिंगरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

तेल कुठे मिळतं? घाण्यात. घाणा म्हणजे तीळ दळून तेल काढणारा. पोट गोल, बोलणं संथ. भिंगरी म्हणाली,

"घाणोबा, घाणोबा, तेल द्या ना!
तेलावाचून यहाट फियेना,
पाण्यावाचून झाड पेयू देईना,
पेयूवाचून पोपट शिकवेना,
य येईना,
आणि आत्या असून मला कुय्य म्हणता येईना!"

घाणा म्हणाला, "काय… म्हणालीस… गं? पुन्हा… सांग."

भिंगरीनं पुन्हा सांगितलं. सगळं!

घाणा पोट धरून हसला. घुर्र घुर्र! "गोड… बोलतेस… गं. तेल देईन. पण मला फिरवणार कोण? बैल सकाळपासून बसून आहे. आधी बैल आण, बैल."

निघाली भिंगरी. तुरुतुरु… तुरु… तुरु. दमली होती बिचारी.

गोठ्यात बैल बसला होता. डोंगराएवढा! डोकं तिरकं. डोळ्यांत पाणी. भिंगरी म्हणाली,

"बैलोबा, बैलोबा, उठा ना!
बैलावाचून घाणा हलेना,
तेलावाचून यहाट फियेना,
पाण्यावाचून झाड पेयू देईना,
पेयूवाचून पोपट शिकवेना,
य येईना,
आणि आत्या असून मला कुय्य म्हणता येईना!"

बैल हसला नाही. चिडला नाही. भिंगरीला नवलच वाटलं.

"तुम्ही हसला नाहीत?"

"कसा हसू गं बाई? माझ्या कानात कुसळ गेलंय. गवताचं टोकदार कुसळ. हसलो की टोचतं. उठलो की टोचतं. घरधन्याचा हात मोठा, तो कानात जाईना. कावळ्याला बोलावलं, तर त्याची चोच टोचली!"

"हात्तिच्या!" भिंगरी म्हणाली. "मी आहे की!"

आणि चढली. पायावर चढली. पाठीवर चढली. शिंगाला वळसा घातला. कानात शिरली. सुळ्ळकन! बाहेर राहिली फक्त शेपटी. इवल्या हातांनी कुसळ धरलं आणि ओढलं. सट्ट!

निघालं!

"फुर्रर्र!" बैलानं केवढा मोठा श्वास सोडला. भिंगरी उडाली आणि गवतात पडली. फत्त!

मग काय?

कुसळ निघालं, बैल उठला. डुलत डुलत.
बैल उठला, घाणा हलला. घुर्र घुर्र.
घाणा हलला, तेल आलं. ठिब ठिब.
तेल आलं, रहाट फिरला. मुळीच कुरकुरला नाही हं!
रहाट फिरला, पाणी आलं. झुळुझुळु.
पाणी आलं, पेरू पिकला. पिवळाधमक!
पेरू पिकला, खाली पडला. धप्प!

पेरू भिंगरीपेक्षा मोठा. उचलेना. मग तिनं तो ढकलला. गडगड गडगड, पोपटाच्या झाडाखाली!

पोपटानं पेरू खाल्ला. कुटुक कुटुक. एकट्यानंच खाल्ला. चोच पुसली. मग शिकवायला बसला.

"जीभ वर. म्हण, र."

"य."

"अं हं. र."

"य."

"जीभ टाळ्याला लाव. आता म्हण, कुर्र."

भिंगरीनं जीभ टाळ्याला लावली. डोळे मिटले. शेपटी फुगवली. सगळा जोर लावला.

"कुय्य."

"कुर्र!"

"कुय्य!"

"कुर्र!"

"कुय्य!"

पोपट शिकवतोय, भिंगरी म्हणतेय. पोपट शिकवतोय, भिंगरी म्हणतेय. आता पोपट तो पोपट. ऐकलं की बोलायची खोड त्याला! त्यानं मोठ्ठी चोच उघडली आणि म्हणाला,

"कुय्य!"

पोपटानं चोचीवर पंख ठेवला. पुन्हा म्हणून पाहिलं. "मिय्यची. हियवी मिय्यची. अगं भिंगये! माझा य! माझा य कुठे गेला?"

भिंगरी खाली मान घालून घरी निघाली. तुरु… तुरु… तुरु. एवढी फिरली, एवढी दमली, आणि र काही मिळाला नाही. तिला रडूच आलं.

चिंचेवर बारसं सुरू झालं होतं. पाळणा सजला होता. घुगऱ्या शिजल्या होत्या. साळुंकी पाळण्यापाशी उभी होती. तिनं बाळाच्या कानात म्हटलं, "कुर्रर्र!"

अगदी खणखणीत!

बाळ दचकलं. बाळानं भोकाड पसरलं. "ट्यँ! ट्यँ!"

साळुंकी आणखी मोठ्यानं म्हणाली, "कुर्रर्रर्र!"

"ट्यँऽऽ! ट्यँऽऽ!"

पाळणा हलवला. खुळखुळा वाजवला. बाळ काही थांबेना. वहिनी रडकुंडीला आली.

इतक्यात दादाला भिंगरी दिसली. पानाआड उभी होती.

"भिंगरे, आणलास का र?"

"नाही, दादा. नाही आला." भिंगरीचा आवाज एवढासा झाला. "पोपटाचा होता, तोपण गेला."

या वेळी दादा हसला नाही. त्यानं तिचा हात धरला आणि तिला पाळण्यापाशी आणलं.

"आत्या तूच ना? मग म्हण. तुला येतं तसं म्हण."

भिंगरीनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "म्हण गं, आत्याबाई. माझं चुकलंच."

भिंगरी पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. नाव तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. मोठी हुशार! त्या नावात र नव्हताच.

"कुय्यय्य… कापूस!"

बाळ थांबलं.

"कुय्यय्य… कापूस!"

बाळानं डोळे उघडले. कान हलवला. आणि बाळ हसलं! खुदकन हसलं!

"पुन्हा म्हण, पुन्हा म्हण!" सगळे ओरडले.

"कुय्यय्य!"

खुदकन!

मग सगळेच म्हणू लागले. दादा म्हणाला कुय्य. वहिनी म्हणाली कुय्य. पोपट तर कुय्यच म्हणत आला, त्याला दुसरं काही येतच नव्हतं! साळुंकीलाही म्हणावंसं वाटलं. पण तिला य जमेना. "कुर्र," ती म्हणाली. "कुर्र… छे!"

"शिकवीन हं मी," भिंगरी म्हणाली.

आणि धपाटे? ते राहिलेच की!

वहिनीनं घातला, धप! दादानं घातला, धप! साळुंकीनं घातला, धप! पोपटानं घातला, धप! एवढीशी पाठ आणि केवढे धपाटे! भिंगरी म्हणत होती, "अजून! अजून!"

झाडाखालून आवाज आला, "मी पण घालू का?"

बैल! केवढा मोठा खूर उचलून उभा!

"नको! नको! नको!" सगळे एकदम ओरडले.

"बरं," बैल म्हणाला. त्यानं मान वर केली आणि भिंगरीच्या पाठीवरून जीभ फिरवली. लप्पक! आत्याबाई शेपटीपर्यंत ओल्याचिंब!

तेव्हापासून त्या चिंचेवर बारसं असलं की सगळे आत्याला बजावतात, "नीट म्हण हं. र नको. य!"

गोष्ट गेली पाळण्यात, आता कुणाच्या कानात? आण बघू तुझा कान…

कुय्यय्य!