म्हादूचं आभारप्रदर्शन

गुरुवार, सकाळी साडेअकरा. आडगवळीच्या ओढ्याचा अलीकडचा काठ. मांडव, माईक, सोफा, कापलेली लाल फीत. साकवाचं, म्हणजे पायी जाण्यापुरत्या छोट्या पुलाचं उद्घाटन झालं होतं. आभार मानायला उभा राहिलेला म्हादू मध्येच बोलायचा थांबला होता.

का थांबला, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

आडगवळीत एक भोळा माणूस राहत होता, तो हाच. भोळा म्हणजे किती? 'दुधावर लक्ष ठेव' म्हटलं की दूध उतू जाईपर्यंत लक्ष ठेवायचा. उतू गेल्यावरही ठेवायचा.

त्याचं लग्न अडलं होतं. सगुणाचं घर ओढ्याच्या अलीकडे, म्हादूचं पलीकडच्या वाडीत. तिच्या वडिलांनी, बापूंनी, दोन अटी घातल्या होत्या.

"साकव झाल्याबिगर पोरगी देणार नाही. कमरेइतक्या पाण्यातनं वरात न्यायची का रं? आणि जावई चार माणसांत चार शब्द बोलणारा पाहिजे. तू नुसती मान हलवतोस."

साकव सरकारच्या हातात होता. म्हणून म्हादूने दुसरी अट आधी घेतली. तो चावडीवर गेला. तिथे पाच जण बसले होते. एकाला उठवून त्याने घरी पाठवलं. उरलेल्या चौघांना म्हणाला, "बसा. ऊन आहे. येतो."

बापूंनी कपाळावर हात मारला. "आरं, भाषण म्हणतोय मी! भाषण!"

तालुक्याला कानडे सरांचा 'सभाधीट व्हा' वर्ग होता. सर स्वतः कुठल्या सभेत बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण शिकवायचे जोरात. म्हणाले, "माईक दिसला की धरायचा. आणि समोर माणसं नाहीत, कोबीचे गड्डे आहेत असं समजायचं. भीती पळते."

शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक दिसला. म्हादूने धरला. भीती खरंच पळाली. तो पहिल्या रांगेत उतरला, मुख्याध्यापकांचं टक्कल दाबून पाहिलं आणि माईकवर सांगितलं, "हा घट्ट आहे. शेजारचा जरा किडका वाटतोय."

शेजारी केंद्रप्रमुख होते.

"अहो, माणसांना माणसं समजा!" सर ओरडले. "डोळ्यांत डोळे घालून बोला. एकालाही सोडू नका."

"चुकलं सर. आता पक्कं झालं."

पतसंस्थेची सर्वसाधारण सभा आली. अध्यक्ष दरवर्षीप्रमाणे व्यासपीठावर झोपले होते. म्हादू एकेकाच्या डोळ्यांत बघत अध्यक्षांपर्यंत पोचला. तिथे डोळे मिळेनात. त्याने दोन्ही अंगठ्यांनी पापण्या वर केल्या आणि म्हणाला, "सभासद बंधूंनो!"

अध्यक्ष किंचाळले. त्यांना वाटलं ऑडिटर आला.

"झोपलेल्यांना विनोदाने जागं करायचं हो! सुरुवातीलाच एक विनोद टाकायचा. लोक हसल्याशिवाय पुढे जायचं नाही," सर म्हणाले.

"चुकलं सर. आता पक्कं झालं."

पुढचा माईक माजी सरपंचांच्या शोकसभेत दिसला. म्हादूने विनोद टाकला. कुणी हसेना. त्याने पुन्हा टाकला. मग सावकाश टाकला. मग त्यात हसायचं कुठे, ते समजावून सांगितलं. शेवटी कैलासवासींच्या जावयाला हसू फुटलं. त्या घरात आजही अबोला आहे.

"प्रसंग तरी बघा!" सर रडकुंडीला आले. "अशा ठिकाणी मान खाली घालून म्हणायचं, ही पोकळी कधीही भरून निघणार नाही."

"चुकलं सर. आता पक्कं झालं."

मग दाताच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन झालं. पहिला पेशंट खुर्चीत आ करून बसला होता. म्हादूने माईक धरला, पेशंटच्या तोंडात डोकावला, मान खाली घातली आणि जड आवाजात म्हणाला, "ही पोकळी कधीही भरून निघणार नाही."

पेशंट उठून घरी गेला.

सरांनी हात जोडले. "हा शेवटचा धडा. लोकांना बोलतं करा. मनातला एक प्रश्न विचारा आणि थांबा. थांबण्यात ताकद असते. मोठे वक्ते थांबतात."

"किती थांबायचं?"

"उत्तर येईपर्यंत थांबा!" सर वैतागून म्हणाले.

"पक्कं झालं."

तेवढ्यात साकवाच्या उद्घाटनाची तारीख ठरली. आभार कुणी मानायचे? सरपंच आप्पा म्हणाले, "म्हादूला सांगा. शहाणा माणूस आभार मानता मानता तक्रार करतो. हा सांगितलं तेवढंच करतो."

गुरुवारी म्हादू नवा सदरा डोक्यावर धरून ओढ्यातून आला. काठावर विजार पिळली. साकव दिसतो का म्हणून वरच्या अंगाला गेला, खालच्या अंगाला गेला. फितीमागे साकवाचा मोठा फ्लेक्स होता. साकव नव्हता. मोठ्या माणसांचं काम, कुठंतरी ठेवला असेल, असं त्याला वाटलं.

आमदारसाहेब आले. फीत कापली. पहिल्या रांगेतल्या पत्रकारांना पाकिटं आणि छापील बातमी मिळाली. साहेब गरजले, "आज पलीकडची वाडी जगाशी जोडली गेली! मला सांगा, विकास हवा की नको?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेले. साहेबांचा शेवटचा धडा राहिलाय, हे म्हादूच्या लक्षात आलं.

मग म्हादू उठला. एकेकाच्या डोळ्यांत बघून त्याने सगळ्यांचे आभार मानले. साहेबांचे, इंजिनिअरांचे, ठेकेदारांचे, मांडववाल्याचे. एकही नाव चुकलं नाही. बापू शेजाऱ्याला म्हणाले, "जावई हाय आपला."

म्हादूने ते ऐकलं. त्याला वरात दिसली. त्याने मनातला प्रश्न विचारला.

"साहेब, साकव कुठं हाय?"

आणि तो थांबला.

साहेबांनी सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी इंजिनिअरकडे. इंजिनिअरने फ्लेक्सकडे.

"म्हादू, बस खाली!" सरपंच दात खाऊन म्हणाले.

"हे उत्तर न्हवं, आप्पा."

राष्ट्रगीत झालं. साहेब गेले. पत्रकार जेवायला गेले. मांडववाल्याने सोफा नेला, मग माईक नेला.

बापू जवळ आले. "आरं येड्या, आभार मानून बसायचं सोडून इचारलंस काय? चल घरी."

"थांबायचं असतं, मामा. मोठं वक्तं थांबत्यात."

बापूंनी ओढ्याकडे बघितलं. कापलेल्या फितीकडे बघितलं. मग तेही तिथेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'साकव वाहतुकीस खुला'. सगळ्या पेपरांत, त्याच शब्दांत. म्हादू अजून काठावर थांबलेला आहे. दुपारची भाकरी सगुणा आणून देते. वरातीची तारीख काढायची राहिली आहे, कारण साकव कुठे आहे ते अजून कोणी सांगितलेलं नाही.