घागरबेटाचा खळगा

घागरबेटाला जायचं ठरवत असाल तर सकाळची पहिली लाँच धरा. उन्हं चढली की बुरुजावर उभं राहवत नाही, आणि ओहोटी लागली की लाँच पायऱ्यांना लागत नाही, मग चिखल तुडवत चढावं लागतं. किल्ला बघा, दारूकोठार बघा, पश्चिमेच्या तटावरून जुना दीपस्तंभ बघा. बेटावर प्यायचं पाणी मिळत नाही, तेव्हा आपलं आपण न्या. आणि निघताना आमच्या गावच्या जेट्टीवर तुमच्या हातात पाण्याने भरलेली तांब्याची घागर दिली, तर हुज्जत घालू नका. एका घागरीला दोन माणसं लागतात आणि ती एका घरची चालत नाहीत. नवरा-बायको आलात तरी वेगळे व्हायचं, अनोळखी माणसाबरोबर घागर धरायची, आणि बेटाच्या पहिल्या पायरीवर जो वाडग्याएवढा खळगा आहे, त्यात ओतायची. मग वर जायचं.

असं का, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते सांगतील की देवी स्वप्नात आली आणि तिने पाणी मागितलं. ऐकून घ्या, मान डोलवा. देवी कुणाच्याही स्वप्नात आली नव्हती. म्हाताऱ्यांनी तिला नंतर मध्ये घातलं, स्वतःच्या पूर्वजांची लाज झाकायला. आमच्या गावच्या बायका जे सांगतात ते असं आहे.

किल्ल्याचं बांधकाम चालू होतं तेव्हाची गोष्ट. बेट म्हणजे नुसता काळा खडक, पाण्याचं टाकं अजून खोदलेलं नव्हतं. पाथरवट तिकडेच झोपड्या घालून राहायचे, आणि त्यांना रोज गावातून गोड्या पाण्याची होडी जायची. एक दिवस वरच्या आळीची, एक दिवस खालच्या आळीची. फक्त शिमग्यात एक सवलत होती. ज्या आळीला त्या वर्षी पालखी उचलण्याचा मान, तिला पाण्याची पाळी माफ. दुसरीने सणभर पाणी न्यायचं.

त्या वर्षी मान कुणाचा यावर भांडण लागलं. वरच्या आळीचा बाळो नाखवा म्हणे आमचा, खालच्या आळीचा धर्मा तांडेल म्हणे आमचा. दोघंही देवळाच्या ओट्यावर समोरासमोर बसले. पाण्याची होडी सोडणं म्हणजे मान सोडला असं कबूल करणं. म्हणून दोन्ही आळ्यांच्या होड्या वाळूत पालथ्या पडून राहिल्या.

बेटावरचे रांजण आटले. अर्धवट बांधलेल्या बुरुजावरून कुणीतरी धोतर हलवू लागलं. ते किनाऱ्यावरून साफ दिसायचं. ओट्यावरची शहाणी मंडळी म्हणाली, "शिमगा खेळतात ते तिकडं. खेळू दे."

बाळो नाखव्याचा पोरगा राघो बेटावरच होता. तराफ्यावरून दगड वाहायचं काम करायचा, पण सणात तराफेही गावच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेले. त्याची बायको भिवरी सासऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. सून अशी ओट्याशी येत नसे तेव्हा.

"मामंजी, तुमचा लेक हाय तिकडं."

"राघो जाणता हाय. कळ काढील," बाळो म्हणाला, आणि परत धर्मा तांडेलाकडे डोळे वटारून बसला. पोटचा पोरगा तहानेने मरत होता आणि याला पालखीचा दांडा सोडवत नव्हता. असली माणसं आमचे पूर्वज, आणि त्यांची नावं आम्ही आदराने घ्यायची.

देवळामागे देवीच्या स्नानासाठी घागरी भरून ठेवल्या होत्या. भिवरी त्या उचलून होडीत ठेवू लागली. गुरव ओरडत धावला, "अगं देवीचं पाणी ते! देवीला काय सांगू?"

"देवीला मी सांगन. ती पण बाईच हाय."

बाईने वल्हं हातात घेणं तेव्हा अशुभ मानत. म्हणून एकही पुरुष होडी ढकलायला आला नाही. आली ती तिची सासू. लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात शिरली, होडी ढकलली आणि घरी निघून गेली.

भिवरी पोचली तेव्हा माणसं दगडांच्या सावलीत पडलेली होती. तिने एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. एक म्हातारा पाथरवट मात्र उठलाच नाही. त्याच्या ओठांवरून पाणी ओघळून गेलं. राघोने सगळ्यांच्या शेवटी घोट घेतला, आणि तळाशी उरलेलं तिच्यापुढे धरलं. तिने तोंड फिरवलं.

"मी नाय पीत. जा, गावात सांग. दोन्ही आळ्या एका घागरीला हात लावून पाणी आणतील, तवा भिवरी पिईल. नायतर हितंच."

राघोने हात जोडले, रागावला, रडला. ती पहिल्या पायरीवर जाऊन बसली ती उठेना. शेवटी तो होडी घेऊन गावाकडे सुटला.

दुसऱ्या दिवशी राघोबरोबर गाव आलं. पण कसं? दोन होड्यांतून. एकीत बाळो नाखवा आपली घागर घेऊन, दुसरीत धर्मा तांडेल आपली घागर घेऊन. आणि पायरीशी आल्यावर, आधी कुणाची होडी लागणार यावर परत तेच सुरू! वर ती पोर ओठ फुटून पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि खाली हे दोघं एकमेकांच्या आज्याचा उद्धार करतायत.

सासू नवऱ्याच्याच होडीत बसली होती. ती उठली, नवऱ्यापुढची घागर दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ समुद्रात पालथी केली.

"आता एकच उरली," ती म्हणाली. "धरा."

मग बाळो नाखवा धर्माच्या होडीत उतरला, आणि दोघांनी मिळून घागर उचलली. जन्मात दोघांनी कधी पाणी भरलेलं नव्हतं. एक ओढायचा इकडे, एक तिकडे. शेवाळावर पाय सटकले आणि घागर पायरीवर लवंडली. पायरीतल्या खळग्यात पाणी साचलं. भिवरी ओणवी झाली आणि तिथेच तोंड लावून प्यायली.

पिऊन झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि दोघांकडे बघितलं. "अर्धी सांडवलीत. बाईमाणसाकडून शिका जरा."

राघो हसला, मग पाथरवट हसले, आणि शेवटी, असं सांगतात, ते दोघं म्हातारेही हसले. मेलेल्या पाथरवटाला दोन्ही आळ्यांनी मिळून खांदा दिला. त्या वर्षी पालखीचा मान कुणाला मिळाला, ते मात्र आज गावात कुणालाच सांगता येत नाही.

तो खळगा कधी कोरडा पडत नाही आणि भरतीचं पाणी चढून गेलं तरी खारा होत नाही, असं म्हणतात. चव घेऊन बघा, मी काही बोलत नाही.

आजही शिमग्याला पाण्याची होडी बेटावर जाऊन आल्याशिवाय पालखी उठत नाही. वरच्या आळीचा म्हातारा पदाजी नाखवा, म्हणजे माझाच आजा, आणि खालच्या आळीचा मोरेश्वर तांडेल वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोघंही हट्टी, दोघंही कटकटे, जाळं वाळत घालायच्या जागेवरून अजून भांडतात. पण त्या सकाळी एका घागरीला हात लावून पायरी चढतात. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे. "हळू रं म्हाताऱ्या," एक म्हणतो. "तूच हळू," दुसरा म्हणतो. निम्मं पाणी पायरीवर सांडतं. आम्ही पोरं बाजूला उभी असतो, पण त्या दोघांनीच न्यायची म्हणून घागर सावरायला कुणी पुढे होत नाही.