सोळावी कॅसेट

“मग मूळच्या पुसून टाकू का, सर?”

हिंगमिरे सरांनी खुर्ची पुढे ओढली.

मिरजेच्या आमच्या अंधशाळेतली ती ध्वनिमुद्रणाची खोली. सर जन्मापासून अंध, मीही तसाच. फरक एवढाच, की सर कॅसेटच्या जमान्यातले आणि मी संगणक बोलायला लागल्यानंतरचा. वय तेवीस. डोक्यात नुसती हवा.

वत्सलाबाई दातार नावाच्या बाईंनी तीस वर्षांपूर्वी इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक अंध मुलांसाठी घरी बसून वाचून दिलं होतं. अठरा कॅसेटा. मी त्या संगणकात उतरवल्या आणि तीन महिने खपून साफ केल्या. कानात संगणक बोलणार, बोटं कळा दाबणार, बस्स. उतरवता उतरवता जुन्या फिती तुटल्या, म्हणून मूळचा आवाज उरला तो फक्त संगणकात. तोही जागा अडवून बसलेला. सरांनी हो म्हणायचा अवकाश होता.

“काय काय काढलंस, सुदाम?”

“पंख्याची घरघर. कुकरच्या शिट्ट्या. आणि बांगड्या.”

“बांगड्या?”

“बाईंच्या हो! पान उलटलं की किणकिण. तांदळातले खडे वेचावेत तशा एकेक वेचून काढल्या, सर.”

आता शाबासकी येणार म्हणून मी ताठ बसलो.

“पंधरावी लाव. तू साफ केलेली.”

लावली. ऐकताना टेबलावर नख टोचत राहायची सरांना सवय होती. टक, टक, टक. बाई वाचत होत्या, नख चाललं होतं. चार-पाच पानं झाली तरी थांबेना.

“आता मूळची लाव.”

लावली. तोच आवाज, तेच वाक्य. मग किणकिण झाली…

नख थांबलं.

बाईंनी पुढचं पान सुरू केलं, तसं पुन्हा टक, टक.

“आम्ही आठजण होतो,” सर म्हणाले. “कॅसेट लावायची आणि ब्रेलच्या पाटीवर टोचून उतरवून घ्यायचं. बोटं भरून यायची रे. किणकिण झाली की सगळे हात झटकायचे. बाईंना कुणीतरी ते सांगितलं. तेव्हापासून त्या पान सावकाश उलटायला लागल्या.”

सर हसले. किती वर्षांनी ते त्या आठजणांत जाऊन बसले होते, कुणास ठाऊक. पण मला कुठली तेवढी अक्कल!

“पण बाईही शेवटी सुधारल्या बघा, सर,” मी म्हणालो. “सोळा, सतरा, अठरा. एकदम स्वच्छ! एक किणकिण सापडेल तर शपथ. पहिल्यापासून असं वाचलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.”

सरांचं हसू थांबलं…

“पंधरावीची तारीख ऐकव.”

प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला बाई तारीख सांगायच्या. सात मार्च.

“सोळावीची?”

बावीस मार्च.

“एरवी दिवसाआड एक यायची,” सर म्हणाले. “बाईंचे यजमान सायकलवरून आणून द्यायचे. दारातूनच घंटी वाजवायचे, पोरांनो, आला तुमचा इतिहास!”

मी कॅसेटचा आवाज बंद केला.

“सोळावी बाई स्वतः घेऊन आल्या. चालत. आमची परीक्षा एक एप्रिलला होती ना.”

“म्हणजे… यजमान…”

“आठ तारखेला गेले. सकाळी.”

पंखा फिरत होता. त्याची घरघर मला पहिल्यांदाच बरी वाटली.

“आम्ही लावली ती कॅसेट. आवाज तोच, ठणठणीत. पान कधी उलटलं, कुणाला कळलंच नाही. आठहीजण टोचत राहिलो. मग आमच्यातला दिन्या म्हणाला, अरे, आज हात का दुखतायत एवढे?” सरांचं नख टेबलावर एकदाच वाजलं. “तेव्हा कुठे कळलं आम्हाला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना मी खडे म्हणालो, ते दोनशे किणकिणाट माझ्या बोटांना आठवले. एकेक शोधून, आधी खूण, नंतर खूण, मग पुसायची कळ.

“सर, पुसत नाही. मूळच्या अजून आहेत. जिथल्या तिथे सगळ्या बांगड्या परत घालतो.”

“घाल.”

“आणि सोळावीपासून पुढं?”

सरांनी टेबलावरचं बोट उचलून मांडीवर ठेवलं.

“तिथलं काढलेलं आपल्याकडे नाही रे, सुदाम.”