धनेशाचा सत्कार

सह्याद्रीच्या एका दाट जंगलात, जुन्या बेहड्याच्या झाडावर धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. बाळांनो, या पक्ष्यांची एक रीत आधी समजून घ्या. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी उरते. पिल्ले मोठी होईपर्यंत नराने फळे आणून त्या फटीतून भरवायची. तो आला नाही तर आत सगळेच उपाशी.

आपला हा धनेश मनापासून राबत होता. उजाडताच उंबरावर जायचा, गळ्यात मावतील तेवढी फळे भरायचा आणि ढोलीशी येऊन एकेक फळ आत द्यायचा. एके दिवशी कोल्ह्याने हे पाहिले. कोल्हा मोठा बोलका, त्याला रोज काहीतरी नवे सांगायला लागे. पाणवठ्यावर जाऊन तो म्हणाला, "असा नवरा आणि असा बाप अख्ख्या जंगलात नाही. एकदा बघून तरी या." झाले, दुसऱ्या दिवशी बेहड्याखाली ही गर्दी. रानडुकरे पोराबाळांसकट आली, वानरे ढोलीसमोरच्या फांद्यांवर जागा धरून बसली. कोणी म्हणे, "फळ जरा हळू दे, मागच्यांना दिसत नाही." कोणी म्हणे, "थांब, आमची आजी यायची आहे." धनेशाला आधी संकोच वाटला, मग गंमत वाटली, आणि खरे सांगायचे तर पुढे गोडी लागली. तो मान तिरकी करून थांबू लागला. त्याच्या फेऱ्या कमी होत गेल्या.

मग सगळ्यांनी मिळून त्याचा सत्कार ठरवला. सकाळचा पहिला घास घेऊन धनेश घरी निघाला होता, तोच त्याला वाटेत वडाखाली उतरवून घेतले. रानवेलींचा हार घातला. कोल्हा म्हणाला, "आता दोन शब्द बोला." पण फळांनी भरलेल्या गळ्याने बोलणार कसे? धनेशाने सारी उंबरे काढून खाली ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. विषय होता, 'मी घर कसे सांभाळतो'. ते दोन शब्द दुपार कलली तरी संपेनात. संपले तेव्हा खाली एकही उंबर नव्हते. वानरांनी भाषण ऐकता ऐकता ती संपवली होती.

रिकाम्या गळ्याने तो ढोलीशी पोहोचला. आतून बारीक आवाज आला, "अहो, कुठे होतात? शेजारच्या शेकरूमावशींनी दोन फळे दिली, तेवढ्यावर दिवस काढलाय. धाकटे पिल्लू आता चोचसुद्धा उघडत नाही." धनेश तसाच उंबराकडे वळला, पण गर्दी त्याच्या मागोमाग येऊन पोहोचली होती. वानरांनी वाट अडवली. "अहो, ते भाषण पुन्हा एकदा होऊ द्या," ती म्हणू लागली. "मला जाऊ द्या," तो काकुळतीला येऊन म्हणाला. कौतुकाच्या गलक्यात ते कोणालाच ऐकू गेले नाही.

तेव्हा शेजारच्या फांदीवरून म्हातारी शेकरू खणखणीत आवाजात म्हणाली, "कसला बाप आणि कसले काय! सकाळपासून पिल्लांना याने एक फळ दिलेले नाही. खोटे वाटत असेल तर ढोलीपाशी जाऊन विचारा." वानरांनी विचारून पाहिले, ते खरेच निघाले. "ढोंगी आहे नुसता," असे म्हणत एकेक जण पांगला. कोल्ह्याला तर सांगायला नवी बातमीच मिळाली, तो सगळ्यांच्या आधी धावला. क्षणभर धनेशाची मान शरमेने खाली गेली. पण मान वर केली तर समोरच्या फांद्या मोकळ्या होत्या, वाट अडवायला कोणी उरले नव्हते. तो तसाच उंबरावर गेला, आला, पुन्हा गेला. अंधार पडेपर्यंत तो थांबला नाही. शेवटच्या फेरीला धाकट्याने चोच उघडली आणि फळासाठी ओरडायला सुरुवात केली.

"राग आला असेल माझा," शेकरू म्हणाली. "तुझे नाव मी पार धुळीला मिळवले."

"मावशी, ते नाव माझ्या आणि माझ्या पिल्लांच्या मध्ये बसले होते," धनेश म्हणाला. "तुम्ही ते उठवलेत. मला ते जमले नसते. तुमचे हे उपकार मी जन्मभर मानीन."

पुढे ढोलीचे तोंड फोडून आई बाहेर आली आणि तिच्यामागून दोन गुबगुबीत पिल्ले फांदीवर येऊन बसली. धाकटे तर मोठ्यापेक्षा जास्त ओरडत होते. ते पाहायला त्या झाडापाशी शेकरूवाचून कोणी आले नव्हते. धनेशाने दोन्ही पिल्लांना तिच्या पायाशी नेले आणि त्यांच्याबरोबर आपणही मान वाकवली.

तात्पर्य : ज्यांच्यासाठी आपण राबतो त्यांच्याआड आपली कीर्ती येऊ लागली, तर ती गेलेलीच बरी; आणि वेळेवर ती घालवणाऱ्याचे ऋण कधी विसरू नये.